कपाट घुमतंय

लोकांच्या घरी जाऊन भिंतीच्या कडेकडेनं रांगायचं, हा काही साठीला टेकलेल्या माणसाचा धंदा नव्हे. पण रांगोबाचा तोच धंदा होता. पोट सुटलेलं, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला, गुडघ्यांना जुन्या उशीचे दोन तुकडे बांधलेले, अशा अवतारात तो परक्या दिवाणखान्यात चारी पायांवर फिरायचा आणि घरची मंडळी सोफ्यावर पाय वर घेऊन, तोंडाला रुमाल लावून हसायची. त्याला खरं नाव होतं, पण ते वीजबिलापुरतं उरलं होतं. गिऱ्हाइकांनी त्याला रांगोबा म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू त्याच्या बायकोनंही, पाठीमागे का होईना, तेच उचललं.

काम म्हणाल तर स्पीकर बसवण्याचं. लोक हौसेनं स्पीकर आणतात, कोपऱ्यात कोंबतात, वर फुलदाणी ठेवतात आणि मग म्हणतात, आवाज घोगरा येतो. अशा घरी रांगोबाला बोलावणं जायचं. तो आधी फुलदाणी उचलून यजमानीणबाईंच्या हातात द्यायचा. मग खोलीच्या मध्ये उभा राहून एक सणसणीत टाळी वाजवायचा आणि मान तिरकी करून ती टाळी कुठे कुठे जाऊन येते ते ऐकायचा. पडदे, गालिचे, गाद्या, पुस्तकं, कपडे, असं घरात मऊसूत जेवढं असेल तेवढं आवाज पिऊन टाकतं. उघडीबोडकी खोली मात्र टाळी तशीच परत फेकते. टाळीला शेपूट आहे, असं तो म्हणायचा.

नंतर यायची रांगण्याची पाळी. खर्जाचा आवाज देणारा मोठा डबा, वूफर, तो चक्क ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवायचा. त्याच्यातून एक जाड, सलग सूर सोडायचा आणि स्वतः जमिनीवर उतरून भिंतीच्या कडेनं रांगत जायचा. एका ठिकाणी तो सूर फुगतो, एका ठिकाणी पार बसतो, आणि कुठेतरी एका जागी तो जसा हवा तसा, ना जाडा ना बारीक, ऐकू येतो. ती वूफरची जागा. डबा तिथे न्यायचा, खुर्ची माणसाला परत द्यायची. मग दोऱ्यानं मापून दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर एकमेकांपासून, तोंडं जराशी आत वळवलेली. एवढं झालं की तो यजमानाला खुर्चीत बसवायचा आणि गाणं लावायचा.

आणि मग हसणारी मंडळी गप्प व्हायची. कारण गाणारी बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, उभी असायची. लोकांनी उठून त्या रिकाम्या भिंतीवरून हात फिरवून बघितलेला आहे. एका वकिलानं तर भिंतीला कान लावला होता.

फक्त या सुखाला एक अट होती. ते एकाच खुर्चीत मिळायचं. हातभर बाजूला सरकलं की गाणारी बाई जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटायची. त्यामुळे जवळपास प्रत्येक घरात एक बाई विचारायचीच, "आणि मी कुठे बसू?" रांगोबा म्हणायचा, "पाळीपाळीनं बसा." आपण एका संसाराचा तंटा मिटवला अशा थाटात म्हणायचा, आणि वायरी गुंडाळायला लागायचा.

त्याच्या स्वतःच्या घरात पाळीबिळी काही नव्हतं. तिथली खुर्ची त्याची होती. तो तिच्यात बसला की घरात एक कायदा लागू व्हायचा आणि त्या कायद्याचं नाव होतं बोट. कोणी काही बोलायला तोंड उघडलं की रांगोबा डोळे न उघडता उजव्या हाताचं बोट वर करायचा. म्हणजे थांबा. बायको थांबायची, मुलगी थांबायची, दारात आलेला पेपरवाला थांबायचा. फक्त कुकरला बोट कळत नव्हतं, आणि कुकरनं शिटी दिली की रांगोबा त्याच्याकडे असा बघायचा की जणू त्यानं कुकरला काही कमी केलं होतं.

मुलगी एकुलती एक. त्या बोटाखालीच लहानाची मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, लग्न करून गेली. तिच्या नव्या घरासाठी रांगोबानं स्वतःच्या हातानं स्पीकरांची जोडी बनवली. गिऱ्हाइकाला कधी दिलं नसतं असं लाकूड वापरलं, रंधा मारून मारून तळहाताला फोड आणले. सगळं तयार झालं आणि मुलगी म्हणाली, आत्ता नको, रंग काढायचाय. मग पाहुणे. मग ऑफिसात काम फार. मग जावई दौऱ्यावर. वर्ष उलटून गेलं. जोडी चादरीखाली पडून होती आणि रांगोबा येता-जाता त्या चादरीकडे बघून सुस्कारे सोडत होता. त्याला खरोखरच लागलं होतं. त्याला दुसरं काहीच नको होतं. लेकीनं आयुष्यभर गाणं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं, म्हणजे भलत्याच जागेवरून ऐकलं. तिनं एकदा, आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसावं, डोळे मिटावेत आणि म्हणावं, बाबा, आत्ता कळलं. बस्स. एवढ्यासाठी तो वर्षभर झुरला.

आणि एक दिवस मुलीचा आपणहून फोन आला. या म्हणाली. जावई दौऱ्यावर आहे, पण तुम्ही या.

रांगोबानं पडत्या फळाची आज्ञा घेतली. टेम्पो ठरवला, जोडी दुलईत गुंडाळली, आवडता शर्ट चढवला. शर्ट फिकट निळा, बारीक रेघांचा. मागे जावयाच्या वाढदिवसाला त्यानं असाच एक पाठवला होता आणि त्याला स्वतःलाच तो इतका आवडला होता की बायकोनं पुढे कधीतरी अगदी तसाच त्याच्यासाठी आणला. बाह्या जरा लांब होत्या, त्या दुमडल्या की झालं. बायको काही बरोबर आली नाही, गुडघा दुखतो म्हणाली. डबा मात्र तिनं भरून दिला. रांगोबानं झाकण उघडून बघितलं आणि कुरकुर केली की हे दोघांपुरतंच आहे, जावयासाठी थोडं ठेवता आलं असतं, आला की खाल्लं असतं त्यानं.

"तुम्ही जा तर खरे," बायको म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मुलीचं घर म्हणजे एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला झोपायची छोटी खोली. लांबट खोलीतच, झोपायच्या खोलीत मावलं नाही म्हणून, दोन दारांचं मोठं लोखंडी कपाट. हे कपाट रांगोबाला चांगलं आठवत होतं. लग्नानंतर ही दोघं इथे राहायला आली तेव्हा ते भिंतीशी कुठे लावायचं यावर त्यानंच हुज्जत घातली होती. डावं दार लेकीचं, उजवं जावयाचं. दोन्हीकडे कपडे इतके ठासून भरलेले की दार लावायला गुडघा द्यावा लागायचा. तेव्हाही रांगोबानं खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली होती आणि खूश होऊन जावयाच्या पाठीवर थाप मारली होती. खोली झकास आहे, शेपूट नाही, असं सर्टिफिकेट दिलं होतं.

आज त्यानं टाळी वाजवली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. टाळी गेली, भिंतीला लागली, परत आली, पुन्हा गेली. शेपूट चांगलं लांब होतं.

"गालिचा कुठे गेला?" त्यानं विचारलं.

धुवायला दिलाय, मुलगी म्हणाली. आणि ते पुस्तकांचं रॅक? ते रंगासाठी हलवलं होतं, मग मैत्रिणीला दिलं. आणि मोठी आरामखुर्ची, जावई पेपर वाचायचा ती? तिचा पाय मोडला, दुरुस्तीला गेली आहे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं आणि रांगोबा प्रत्येक उत्तर मान डोलावत पोटात घालत होता. एका घरातलं इतकं सामान एकाच वेळी धुवायला, वाटायला आणि दुरुस्तीला जात नसतं, हे शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं असतं. रांगोबाच्या लक्षात एवढंच आलं की गालिचा येईपर्यंत पडदे जाड लावायला हवेत.

त्यानं उरलेली एकुलती खुर्ची ओढून जागेवर आणली आणि कानाची उंची बघायला जावयाची उंची विचारली. म्हणाला, आधी जावईबापूंच्या कानाला जुळवू, तू बसशील तेव्हा खाली उशी घे.

"माझ्या उंचीनं बसवा, बाबा," मुलगी म्हणाली. "मीच बसणार आहे."

रांगोबाला हे इतकं गोड लागलं की विचारू नका. शेवटी पोरगी आपल्या वळणावर गेली, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, दोरा तिच्या कानाशी धरला, दोन्ही स्पीकर तिच्या कानाच्या बरोबरीला आणले. ती निमूट बसून होती. दोरा कानाला लागला तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. रांगोबाला वाटलं, गुदगुल्या झाल्या.

मग तिला उठवून त्यानं वूफर खुर्चीत बसवला, गुडघ्यांना उशीचे तुकडे बांधले आणि सूर सोडला. घूंऽऽ करून खोली भरली. मुलगी चहा टाकते म्हणून आत गेली आणि रांगोबा रांगायला लागला. खिडकीखाली सूर फुगला. कोपऱ्यात तर नको इतका. दाराजवळ बसला. पुढे कपाट. कपाटाजवळ मात्र त्या सुराच्या वर काहीतरी भलतंच बोलायला लागलं. आधी नुसता घुमारा, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि त्यात मिसळून किणकिण, बारीक, अखंड.

अशी किणकिण म्हणजे रांगोबाच्या धंद्यातला उंदीर. ती सापडेपर्यंत त्याला घास गिळत नसे. त्यानं डाव्या दाराला तळहात लावला. दार शांत होतं. उजव्या दाराला लावला आणि पत्रा हाताखाली थरथरत होता. त्यानं निदान केलं की बिजागरी सैल आहे. खिशातून कागदाचा कपटा काढून घडी घातली, फटीत खुपसली. किणकिण चालूच. दुसरा कपटा. तरी चालूच. मग त्यानं खांदा लावून दार दाबून धरलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडून सांगितलं की तुझं कपाट घुमतंय गं, जावयाच्या बाजूला काहीतरी सुटलंय.

"राहू दे, बाबा," आतून आवाज आला. "तिकडे नका बघू."

पण तोवर दार उघडून झालं होतं.

आत काही नव्हतं. म्हणजे शर्ट नव्हते, पँटी नव्हत्या, खालच्या खणात बूट नव्हते, वरच्या खणात बॅग नव्हती. कप्प्यांवर अंथरलेला कागद तेवढा होता. आणि दांडीला रिकामे हँगर, तारेचे, एकाला एक खेटून लटकलेले, खुर्चीतल्या वूफरच्या सुरावर थडथडत एकमेकांना लागत होते आणि किणकिणत होते.

रांगोबा गुडघ्यांवरच होता. मान वर करून त्या हँगरांकडे बघत राहिला. सूर बंद करायचं त्याला सुचलं नाही. मागे मुलगी दोन कप घेऊन येऊन उभी राहिली होती, हे त्याला कळलं, पण त्याला वळता येईना. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याच्या तोंडून जे आलं ते असं आलं:

"हेही धुवायला दिलेत?"

बोलला आणि स्वतःचाच आवाज त्यानं ऐकला. गालिचा, रॅक, आरामखुर्ची, सगळं एका झटक्यात त्याच्या पुढ्यात येऊन पडलं.

मुलीनं कप जमिनीवर ठेवले, खुर्चीशी जाऊन सूर बंद केला. हँगर जरा वेळ हलत राहिले आणि मग थांबले.

"तो गेला, बाबा," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच. मीच कपडे घेऊन जा म्हटलं."

तिनं मग थोडक्यात सांगितलं, उभ्या उभ्याच. दौऱ्याच्या गावी त्याचं दुसरं घर होतं, त्या घरात दुसरी बाई होती. त्यानं नाकारलं नाही, भांडलाही नाही. एका दुपारी येऊन सामान घेऊन गेला. आता कोर्टाचंही संपलं, गेल्याच आठवड्यात. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, ती म्हणाली, की आज जेवताना सांगेन म्हणून.

रांगोबा जमिनीवर बसला. वर्षभर दर रविवारी सकाळी तो फोन करत होता आणि जावयाला दे म्हणत होता, आणि मुलगी म्हणत होती, आंघोळीला गेलाय. दर रविवारी, त्याच वेळेला. आणि यानं काय केलं होतं, तर बायकोला सांगितलं होतं की जावई टापटीप आहे, स्वच्छतेचा भोक्ता आहे. त्या वेळी बायको भाजी निवडत होती आणि तिनं मान वर केली नव्हती. ते आत्ता त्याला दिसलं.

"आईला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यानं खाली बघितलं तर त्याच्या अंगावर फिकट निळा शर्ट होता, बारीक रेघांचा, बाह्या दुमडलेला. दोन्ही हातांनी त्यानं त्याची कॉलर धरली. विचारायची गरजच नव्हती. तरी त्यानं विचारलं, आणि मुलीनं मान हलवली. तो शर्ट आला तेव्हा घालायला इथे कोणी नव्हतंच. तिनं तो आईकडे दिला, फेकवेना म्हणून. तिसऱ्या माणसासाठी आणलेला शर्ट घालून हा गृहस्थ वर्षभर लोकांच्या घरी रांगत होता आणि बायकोच्या चोखंदळपणाचं कौतुक करत होता.

मग त्याला राग आला. आधी जावयाचा आला, तो फुकट होता, कारण जावई समोर नव्हता. मग बायकोचा आला. आणि मग, रीत म्हणून जसा जवळच्या माणसावर निघतो तसा, तो मुलीवर निघाला. मी कोण आहे या घरचा, त्यानं विचारलं, पेपरवाला? भाजीवाल्यालाही माहीत असेल एव्हाना. बापाला सांगावंसं एकदाही वाटलं नाही?

"आले होते सांगायला," मुलगी म्हणाली.

आवाज चढवला नाही तिनं. ज्या दिवशी तो सामान घेऊन गेला त्याच संध्याकाळी ती बॅग भरून माहेरी आली होती. बाबा खुर्चीत होते. नवे लाकडी स्टँड लावले होते स्पीकरांना.

रांगोबाला लख्ख आठवलं. न आठवून कसं चालेल, त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक होता. त्या स्टँडवर स्पीकर चढवले आणि त्या संध्याकाळी गाणारी बाई अशी काही मधोमध उभी राहिली, इतकी खरी, की तिनं श्वास घेतलेला ऐकू आला. पुढे कित्येक गिऱ्हाइकांना त्यानं हे रंगवून सांगितलं होतं. स्टँडचं लाकूड आठवलं, वायर आठवली, गाणं आठवलं. मुलगी आली होती हे मात्र आठवायला त्याला फार खोल हात घालावा लागला. हो. दारात कोणीतरी होतं खरं. हातात काहीतरी होतं.

"मी म्हटलं, बाबा, जरा ऐकता का," मुलगी म्हणाली. "तुम्ही बोट वर केलंत. मी थांबले. गाणं संपलं. तुम्ही डोळे उघडलेच नाहीत, तुम्ही तेच परत पहिल्यापासून लावलंत."

रांगोबा गुडघ्यांना बांधलेले उशीचे तुकडे सोडायला लागला.

"मग मी आत जाऊन आईला सांगितलं."

"अगं, बोट म्हणजे थांब," तो कसंबसं म्हणाला. "बोट म्हणजे जा नव्हे."

"माहीत आहे की. थांबलेच होते."

चहावर साय धरली. रांगोबाच्या मनात एकामागून एक ती घरं यायला लागली, जिथे त्यानं एक खुर्ची मांडली होती आणि दुसऱ्या माणसाला पाळीपाळीनं बसा म्हणून सांगितलं होतं. पुढे त्या माणसांचं काय झालं, पाळी आली का त्यांची, हे बघायला तो एकदाही परत गेला नव्हता. त्याचं काम तर खुर्चीपाशी संपत होतं. पण ही तर त्याची स्वतःची पोर होती, आणि हिला तो वर्षभर खुर्चीत बसवायला निघाला होता, गाणं ऐकवायला.

फोन वाजला. मुलीनं बघितलं आणि कानाला लावला. "हो, आई," ती म्हणाली. "कळलं त्यांना. नाही, मी नाही सांगितलं. कपाट वाजलं." पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. मुलगी बापाकडे बघत म्हणाली, "बसलेत. खाली बसलेत." आणि फोन ठेवला.

जरा वेळानं रांगोबा उठला. वूफर खुर्चीतून उचलून भिंतीशी ठेवला, जागा बघितली नाही. खुर्ची हातानं पुसली आणि मुलीला म्हणाला, बस. ती म्हणाली, बाबा, आत्ता गाणं नको. तो म्हणाला, गाणं नाही लावत, तू बस. ती बसली. तो मात्र कोपऱ्यात, कपाटाला लागून, जमिनीवर बसला. ती खोलीतली सगळ्यात वाईट जागा होती. गिऱ्हाइकाला त्यानं तिथे कधी स्टूलसुद्धा ठेवू दिलं नसतं.

"बोल," तो म्हणाला.

कुठून बोलू, असं तिला झालं असावं. तिनं त्या दुपारपासून सुरुवात केली, तो बॅगा भरत होता तिथून. सांगायला लागली की त्यानं हँगर काढून घेतले नाहीत, शर्ट एकेक करून हँगरवरून काढले आणि हँगर परत दांडीला लावले, नीट, आणि तेच तिला सगळ्यात झोंबलं. इतकं सांगत होती आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातला फ्रिज चालू झाला. एक जाड, खर्जातला सूर. आणि रांगोबाची मान आपोआप तिरकी झाली, आणि उजव्या हाताचं बोट वर गेलं.

मुलगी थांबली. सवयीनंच थांबली, वाक्याच्या मध्येच.

रांगोबानं बोट बघितलं. दुसऱ्याच कोणाचं असावं तसं ते हवेत उभं होतं. त्याला भीती वाटली, खरीखुरी, की हे आपण आयुष्यात किती वेळा केलं असेल आणि किती वेळा ही अशीच वाक्याच्या मध्येच थांबली असेल. त्यानं बोट खाली घेतलं, तो हात मांडीखाली सारला आणि त्याच्यावर दाबून बसला.

"कपाट लावू का?" मुलीनं विचारलं. "उघडं आहे म्हणून आवाज घुमतोय. तुम्हाला त्रास होईल."

खरंच घुमत होता. तिचा एकेक शब्द आधी तिच्याकडून यायचा आणि मग त्या रिकाम्या कपाटातून पुन्हा यायचा.

"राहू दे उघडं," तो म्हणाला. "तू पहिल्यापासून सांग."